बेलापूरहून बोटीने घारापुरीला जाताना फ्लोट प्लॅन कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्र, त्यातल्या एकाची स्वतःची १८ फुटी फायबरची बोट, मागे एकच आउटबोर्ड इंजिन, रविवारी सकाळी बेलापूरहून निघून घारापुरी बघायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. कुठल्यातरी परदेशी व्हिडिओत फ्लोट प्लॅन बनवा असं ऐकलं, फॉर्म डाउनलोड केला तर रकानेच रकाने, अर्धे कळत नाहीत, आणि भरून तो आपल्याकडे कुठल्या ऑफिसात द्यायचा हेही कळत नाही. शेवटी विचारलंय की त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन टाकून दिलं तर चालणार नाही का, आणि घरी सांगितलं तर आई जाऊच देणार नाही त्याचं काय.

लाईव्ह लोकेशन जरूर टाका, फुकट आहे, पण त्यावर भागणार नाही. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, फोन पाण्यात पडला की संपलं, बॅटरी गेली की संपलं, आणि मुख्य म्हणजे ठिपका हलायचा थांबला हे बघणारं कोणी असेल तरच त्याचा उपयोग. चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलंत तर चाळीसही जण समजतात की दुसरं कोणीतरी बघतंय. शिवाय समजा एकाने बघितलं की ठिपका दोन तास एकाच जागी आहे, तर तुम्ही जेवताय की इंजिन बंद पडलंय हे त्याला कसं कळणार? फ्लोट प्लॅन याच्यासाठी असतो. तुम्ही कुठे असणार हे त्यात असतंच, पण किती वाजता काळजी करायची आणि तेव्हा नेमकं काय करायचं हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला आधी लिहून दिलेलं असतं. मी इथे नवी मुंबईत बोट चालवायला शिकवतो, माझ्याकडे येणारे लोक फॉर्म सुंदर भरतात आणि हीच दोन वाक्यं लिहीत नाहीत, म्हणून आधी सांगितलं.

आता कोणाकडे द्यायचा. ऑफिसात नाही. तो फॉर्म ज्या अमेरिकेतून आलाय तिथलं कोस्ट गार्डसुद्धा सांगतं की प्लॅन आमच्याकडे जमा करू नका, तुमच्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा, तुम्ही आला नाहीत तर तो आम्हाला फोन करेल. आपल्याकडेही तेच करायचं. तो माणूस नीट निवडा. बोटीवर येणारा नको हे उघड आहे, पण रविवारी दुपारी झोपणारा नको, त्या दिवशी लग्नाला कर्जतला जाणारा नको, आणि "अरे येतील रे, कुठे जातायत" म्हणणाराही नको. फोन उचलणारा, घड्याळ बघणारा, आणि वेळ झाली की पोलिसांना फोन करायला न लाजणारा माणूस हवा. आपल्याकडे लोक इथेच अडतात, उगाच फोन केला आणि पोरं हसत हसत आली तर काय म्हणतील वगैरे. तर त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा की वेळ झाली की फोन करायचाच, आम्ही चिडणार नाही. आईचं म्हणाल तर आईला हे काम देऊच नका. तिला जाताय हे सांगा, लपवून जाऊ नका, पण प्लॅन मामाकडे किंवा वहिनीकडे किंवा अशा मित्राकडे द्या जो दर वीस मिनिटांनी फोन करणार नाही, कारण बोट चालवताना सारखा फोन उचलणं हाही एक धोकाच आहे.

जमलं तर दुसरी प्रत एखाद्या तांडेलाकडे, म्हणजे मासेमारीच्या बोटीच्या नाखव्याकडे द्या. दिवाळ्याला, सारसोळ्याला, करावे गावात कोळी लोकांच्या बोटी आहेत, खाडीत तुम्ही अडकलात तर सगळ्यात आधी पोचणारी बोट बहुतेक वेळा त्यांचीच असते. आदल्या दिवशी जाऊन ओळख करून घ्या, नंबर घ्या, कुठून कुठे जाणार ते सांगा. तो तिथल्या तिथे सांगेल की अमुक बाजूला डोल म्हणजे मासेमारीची जाळी लावलेली आहेत तिकडून जाऊ नका, तमुक वेळेनंतर त्या तोंडाला पाणी राहत नाही. हे कुठल्या अ‍ॅपमध्ये मिळत नाही.

आता वेळा. वेळा ठरवायच्या तर पहिलं भरती-ओहोटी बघा, बाकी सगळं नंतर. मुंबईचं टाईड टेबल अपोलो बंदरच्या हिशोबाने असतं, खाडीत जसजसे आत याल तसं पाणी थोडं उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. टेबल नसेल तर जुन्या लोकांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात उधाणाची भरती बाराच्या आगेमागे असते. अंदाजासाठी ठीक आहे, प्लॅनमध्ये लिहायला मात्र टेबलातलीच वेळ घ्या.

यातून एक गोष्ट निघते जी तुमच्या ट्रीपसाठी फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास असते म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहा-सातला, आणि हिवाळ्यात सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी तुम्ही मजेत पाचला घारापुरीहून निघालात तर बेलापूरच्या खाडीत पोचेपर्यंत पाणी सगळ्यात खाली आणि वर अंधार. उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटर असतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, तोच दीड मीटरच्या आसपास. सकाळी जिथून आरामात निघालात तिथे संध्याकाळी नुसता चिखल दिसतो. त्यात भर म्हणजे पौर्णिमेला जाताना चढतं पाणी तोंडावर आणि दुपारी परत येताना उतरतं पाणी तोंडावर, दोन्ही वेळा इंजिन जास्त ओढतं, पेट्रोल जास्त जातं. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुरू होतो, तो उलट्या पाण्याशी भिडला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, १८ फुटी बोटीत कंबर दुखेस्तोवर आपटता.

उलट अष्टमी-नवमीच्या आसपासचा रविवार घेतलात तर सकाळी सहाला भरती होऊन गेलेली, तुम्ही उतरत्या पाण्याबरोबर बाहेर जाता, दुपारी बाराला ओहोटी पण ती भांगाची म्हणजे फार खाली नाही, आणि परत येताना चढतं पाणी तुम्हाला आत ढकलतं. येताना चुकून गाळात टेकलात तरी पाणी वाढतंय, थोड्या वेळात सुटता. उतरत्या पाण्यात टेकलात तर मात्र पाच-सहा तास तिथेच. म्हणून माझ्या मते ट्रीपचा दिवस शनिवार-रविवार बघून नाही, तिथी बघून ठरवावा, आणि सुट्टीला जुळली नाही तर पुढच्या आठवड्यात जावं. सोमवारी जायचा विचार असेल तर लेणी सोमवारी बंद असतात.

मग प्लॅनमध्ये तीन वेळा लिहायच्या. एक, आम्ही जेट्टीला कधी लागणार. दोन, त्यानंतर किती वेळाने किनाऱ्यावरच्या माणसाने फोनाफोनी सुरू करायची. तीन, किती वाजता थेट मदत मागायची. पहिली वेळ मनापासून लिहा, म्हणजे जेवण, फोटो, एकाचं चप्पल विसरणं सगळं धरून, कारण आशेवर लिहिलेली वेळ रोज चुकते आणि मग किनाऱ्यावरचा माणूस तिसरी वेळ गांभीर्याने घेत नाही. आणि तिसरी वेळ सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधीची ठेवा. लोक उलटं करतात, संध्याकाळी सातपर्यंत आलो नाही तर फोन कर म्हणतात, म्हणजे शोध सुरू होणार तोच अंधारात.

उशिराचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे पटेल. इंजिन बंद पडलेली बोट दोन नॉटच्या प्रवाहात तासाला जवळपास पावणेचार किलोमीटर वाहते. बंदराच्या उघड्या पाण्यात ती कुठल्या दिशेला गेली हे माहीत नसेल तर एका तासानंतर शोधायचं क्षेत्र त्रेचाळीस चौरस किलोमीटरच्या घरात जातं. तीन तासांनी ते तिप्पट होत नाही, नऊपट होतं. अमुक वाजता घारापुरी सोडली एवढा एक मेसेज जरी मिळाला असेल तर हा आकडा एकदम खाली येतो, म्हणून निघताना, पोचल्यावर आणि परत निघताना एक-एक ओळीचा मेसेज टाकायचा हे ठरवूनच घ्या, एका माणसाकडे ते काम द्या, चालवणाऱ्याकडे नको.

रस्ता लिहिताना नुसतं "बेलापूर ते घारापुरी" लिहू नका. खाडीच्या तोंडातून बाहेर, अटल सेतूखालून, शेतबंदरला (घारापुरीची जेट्टी) लागणार, परत त्याच मार्गाने, असं लिहा. आणि कुठे जाणार नाही हेही लिहा, विशेषतः मित्रांमध्ये कोणीतरी असतोच जो म्हणतो चल ना जरा पलीकडून चक्कर मारू. पलीकडे काय आहे तर ट्रॉम्बेच्या किनाऱ्याला बीएआरसी म्हणजे अणुसंशोधन केंद्र, जवाहर द्वीपला तेलाचे टँकर, दक्षिणेला न्हावाशेवाला येणाऱ्या कंटेनर जहाजांचा चॅनल, करंजाला नौदल. यातलं कुठेही चुकून गेलात तर आधी सुरक्षावाले अडवतील, आणि मोठ्या जहाजाला तुमची बोट दिसली तरी ते जागच्या जागी थांबू शकत नाही. रस्ता बदलायचाच असेल तर आधी मेसेज टाका, मग वळवा. प्लॅनमध्ये घारापुरी आणि तुम्ही मांडव्याला, तर लोक चुकीच्या ठिकाणी शोधतील, त्यापेक्षा प्लॅन नसलेला बरा.

बोटीचं वर्णन, माणसांची नावं, हे रकाने सोपे आहेत, फक्त शोधणाऱ्याच्या नजरेने भरा. त्याला लांबून काय दिसणार? हल म्हणजे बोटीचा सांगाडा कुठल्या रंगाचा, वर छत आहे का, छताचा रंग कोणता. रजिस्ट्रेशन नंबर, इंजिन किती एचपीचं, टाकीत किती लिटर. याच्याहून सोपं म्हणजे निघायच्या आधी जेट्टीवर सगळे जॅकेट घालून बोटीत बसल्यावर एक फोटो काढा, नंबर दिसेल असा, आणि पाठवून द्या. रंग, कपडे, किती माणसं, जॅकेट किती, सगळं एका फोटोत येतं. जॅकेट नारिंगी घ्या, निळं-काळं फॅन्सी मिळतं ते पाण्यात दिसत नाही.

माणसांची संख्या किरकोळ बाब वाटते पण नाहीये. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. त्या संध्याकाळी बोटीवर नेमके किती होते, किती सापडले, किती बाकी हे आकडे तासातासाला बदलत होते. तुम्ही पाच जण आहात, मोजायला काय लागतं असं वाटेल, पण जेट्टीवर ऐनवेळी सहावा मित्र येतो आणि बोटीत बसतो, किंवा घारापुरीहून एकजण फेरीने गेटवेला निघून जातो. अशा वेळी किनाऱ्यावर कळवायचंच. नाहीतर ज्याला शोधायचं तो दादरच्या लोकलमध्ये बसलेला असतो. नावापुढे वय, मोबाईल, घरच्या एकाचा नंबर, पोहता येतं की नाही, आणि कोणाला शुगर, फिट, दमा असेल तर तेवढं लिहा. बाकी परदेशी फॉर्ममधलं अर्धं सोडून दिलंत तरी चालेल.

त्यातला एक रकाना मात्र मुद्दाम सांगतो कारण त्यात लोक फसतात. सॅटेलाईट मेसेंजर किंवा सॅटेलाईट फोन कुठला आहे ते लिहा असं त्यात असतं आणि मग कोणीतरी परदेशातून येणाऱ्या भावाला तो आणायला सांगतो. भारतात ही उपकरणं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावर लोकांना पकडलेलं आहे. व्हीएचएफ सेटलाही, म्हणजे बोटीवरच्या रेडिओलाही, लायसन्स लागतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी चॅनल १६ वर कान ठेवायचा आणि प्लॅनमध्ये तसं लिहायचं. तुमच्याकडे नसणार, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असलेले दोन फोन, दोन्ही वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, एक बंद करून ठेवलेला, आणि पॉवरबँक. इथे खाडीत आणि बंदरात रेंज मिळते बऱ्यापैकी, प्रॉब्लेम रेंजचा नसून फोन भिजण्याचा आणि दिवसभर व्हिडिओ काढून बॅटरी संपवण्याचा असतो. शिट्टी, टॉर्च, नांगर आणि पुरेसा दोर, वल्ही, पाणी दुप्पट. पेट्रोलचा नियम तिसऱ्या हिश्शाचा, एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक.

सगळं मिळून मेसेज असा दिसेल, आकडे उदाहरणासाठी पौर्णिमेच्या रविवारचे टाकलेत, मुद्दाम, म्हणजे वेळा किती लवकरच्या येतात ते दिसेल:

"बोट पांढरी, निळा पट्टा, १८ फूट फायबर, छत नाही, नंबर अमुक, ४० एचपीचं एक इंजिन, फोटो सोबत. माणसं ५, यादी खाली, चालवणारा पहिला. जॅकेट ५ नारिंगी. सकाळी ९:३० ला बेलापूर जेट्टी सोडणार, अटल सेतूखालून शेतबंदर, दुसरीकडे कुठेही जाणार नाही. १:३० ला शेतबंदर सोडणार. ३:०० पर्यंत बेलापूरला लागणार आणि लागल्यावर तुला फोन करणार. ३:३० पर्यंत फोन नाही आला तर पाचही नंबर लाव, मग तांडेलाला लाव, मग जेट्टीवर जाऊन गाडी उभी आहे का बघ, पांढरी हॅचबॅक, नंबर अमुक. ४:०० वाजता काही पत्ता नसेल तर १५५४ ला फोन कर आणि ११२ ला पण, हा मेसेज वाचून दाखव. भरती १२:३०, ओहोटी ६:४५, पुढची भरती मध्यरात्री १ च्या आसपास."

१५५४ हा कोस्ट गार्डचा टोल फ्री नंबर आहे, ११२ वर पोलीस, आणि किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी सागरी पोलिसांचा १०९३ आहे. गाडी बघायला का सांगितलं तर कित्येकदा माणसं सुखरूप येऊन फोन न करता घरी गेलेली असतात, गाडी नसेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आणि पुढची भरती लिहायचं कारण, तुम्ही गाळात अडकलात आणि फोन चालू असेल तर किनाऱ्यावरच्याला समजतं की ही पोरं कधी सुटणार.

गाळात अडकलात तर उतरू नका. किनारा दोनशे मीटरवर दिसतो, वाटतं चालत जाऊ, आणि मांडीपर्यंत रुतल्यावर ना पुढे ना मागे, आणि मग तेच पाणी परत चढायला लागतं. बोटीतच बसून राहा. इंजिन बंद पडलं तर नांगर टाका आणि तिथेच थांबा, पोहत जायचं नाही. शोधणारे पांढऱ्या बोटीला शोधतायत, पाण्यातलं एक डोकं लांबून कोणालाच दिसत नाही.

कयाक घेऊन जाणाऱ्यांनाही हेच लागू, उलट जास्तच. वल्ह्यावर तासाला चार-पाच किलोमीटर जाता आणि समोरून दोन नॉटचं पाणी आलं की जागेवरच वल्हवत बसता, म्हणून गायमुखला काय किंवा ऐरोलीच्या बाजूला काय, पाण्याच्या दिशेबरोबरच जाणं-येणं बसवा आणि वेळा तशा लिहा. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका, ऐरोलीच्या केंद्रातून त्यांच्या बोटी जातात त्या बऱ्या. भाड्याच्या बोटीने जाणाऱ्यांनी एवढंच करावं, चढण्याआधी बोटीच्या नावा-नंबरचा फोटो घरी पाठवावा आणि कधी परत येणार ते लिहावं. जून ते ऑगस्ट छोट्या बोटीने बाहेर जायचा प्रश्नच नाही, त्याचा प्लॅन कसा करायचा हे मला विचारू नका.

आणि परत आल्यावर जेट्टीला दोर बांधला की बोट धुवायच्या, सामान उतरवायच्या, वडापाव खायच्या आधी तो फोन करा. मेसेज नको, फोन, समोरच्याने "बरं, कळलं" म्हणेपर्यंत. तांडेलालाही. किनाऱ्यावरच्या माणसाने आधीच १५५४ ला कळवलेलं असेल तर तिथेही लगेच फोन करून सांगायचं की आम्ही आलो, पाचही जण ठीक आहोत, कारण तिथे कोणी सांगेपर्यंत शोध चालूच राहतो.